लीनची पहिली बॅच कशी घ्यायची: शॉप फ्लोअरवरच्या टीमसाठी, प्रोजेक्टर न लावता

लीनचं, म्हणजे कामातला फुकट जाणारा वेळ, मेहनत आणि माल कमी करायच्या पद्धतीचं, ट्रेनिंग बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीनं फसतं. शनिवारी दुपारी कॅन्टीनमध्ये प्रोजेक्टर लागतो, बाहेरून आलेले सर वेस्टचे (फुकट जाणाऱ्या कामाचे) सात प्रकार जपानी नावांसकट सांगतात, वडापाव-चहा होतो, ग्रुप फोटो होतो आणि सोमवारी लाइन जशी होती तशीच चालू. मग सुपरवायझर म्हणतो "आपल्या लोकांना शिकायचंच नाहीये". लोकांना शिकायचं असतं हो, क्रम उलटा लागलेला असतो. आधी नावं, मग स्लाइडवरची दुसऱ्याच कुणाची उदाहरणं, आणि हाताला काम सगळ्यात शेवटी, ते पण वेळ उरला तर.

खालचा क्रम भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक भागातल्या पन्नास ते दोनशे माणसांच्या युनिटला डोळ्यासमोर ठेवून लिहिलाय, म्हणजे मशीन शॉप, असेंब्ली, पॅकिंग वगैरे. ऑफिसवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे. एक नियम मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पाळायचा: स्टॉपवॉच, पेन आणि खडू ऑपरेटरच्या हातात. ज्या दिवशी हे तीन इंजिनिअरच्या हातात गेले त्या दिवशी ते त्याचं प्रोजेक्ट झालं, टीमचं नाही राहिलं.

## १. सगळ्यात आधी मालकाशी बोला

सुरुवात ऑपरेटरपासून करू नका, ज्याच्या सहीनं पगार होतो त्याच्यापासून करा. त्याच्याकडून तीन गोष्टी कबूल करून घ्यायच्या, आणि त्या नोटीस बोर्डावर मराठी-हिंदीत लावायच्या.

पहिली, सुधारणेमुळे मोकळा झालेला माणूस घरी जाणार नाही, कॉन्ट्रॅक्टवरचासुद्धा. त्याला दुसरीकडे काम देऊ. दुसरी, बदल केला की लगेच टार्गेट वाढवणार नाही. टीमनं डोकं लावून आठ तासांचं काम सात तासांत बसवलं आणि दुसऱ्याच आठवड्यात बोर्डावरचा आकडा वर गेला, तर त्या लाइनवर परत कोणी तोंड उघडत नाही, आणि ही बातमी चहाच्या टपरीवरून बाकीच्या तिन्ही लाइनला त्याच दिवशी पोचते. तिसरी, ट्रेनिंगचा वेळ ड्युटीत धरायचा, शिफ्टनंतर थांबवलं तर ओटी द्यायचा.

मालक बहुतेकदा पहिल्या गोष्टीवर अडतो, "ऑर्डर कमी झाली तर काय करू?" असं विचारतो. मंदी आली म्हणून माणसं कमी होणं वेगळं आणि माणसाच्याच आयडियामुळे माणूस कमी होणं वेगळं, एवढं त्याला शांतपणे समजवा. तरीही शब्द देत नसेल तर पुढं जाऊच नका, खरंच. साफसफाई करा, लाइट वाढवा, पंखे लावा, पण त्याला लीन म्हणू नका.

युनियन असेल तर कमिटीला याच टप्प्यावर सगळं सांगायचं. स्टॉपवॉच दिसला की त्यांना पहिली शंका टाइम स्टडीची, म्हणजे माणसाचा वेळ मोजून टार्गेट ठरवण्याची, येते, आणि मागचा अनुभव बघता ती शंका चुकीची नसते. कमिटीतला एक जण पहिल्या बॅचमध्येच घ्या.

सरकारी मदत घ्यायची असेल तर लहान-मध्यम उद्योगांसाठी केंद्राची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन स्कीम २०२३ पासून चालू आहे, बेसिक, इंटरमिजिएट आणि अॅडव्हान्स्ड अशा तीन लेव्हल आहेत आणि कन्सल्टंटच्या खर्चातला मोठा भाग सरकार उचलतं. चांगली सोय आहे. फक्त सर्टिफिकेटची तारीख पकडायला म्हणून टप्पे गाळू नका.

तपासा: लाइनवरच्या कुठल्याही दोघांना विचारा, "हे कशासाठी चाललंय?" उत्तर "माणसं कमी करायला" असं आलं तर पहिला टप्पा झालेला नाही. परत बसा.

## २. जागा, माणसं आणि सामान

लाइन निवडताना सगळे एकच चूक करतात, सगळ्यात बिघडलेली लाइन निवडतात. तिथं आधीच कस्टमरचे फोन चालू असतात, रोज आग लागलेली असते, शिकायला कुणाला उसंत नसते. मधली लाइन घ्या, जिथं काम बऱ्यापैकी चालतं आणि मुख्य म्हणजे सुपरवायझर तयार आहे. सुपरवायझर नाराज असेल तर बाकी सगळं चांगलं असूनही गाडी अडते, कारण तुम्ही गेल्यावर लाइन त्याच्याच हाती असते.

ग्रुप दहा जणांचा करा, बारापर्यंत चालेल. त्यात ऑपरेटर, हेल्पर, क्वालिटीचा एक, मेंटेनन्सचा एक, स्टोअरचा एक, पॅकिंगच्या मावशी असतील तर त्यांच्यातल्या एक-दोघी. मॅनेजर नको. मॅनेजर बसला की सगळे त्याच्याकडे बघून बोलतात. त्याच्यासाठी वेगळं काम आहे, पुढं येईल.

भाषेचं लक्षात ठेवा. चाकणच्या लाइनवर बिहार, यूपी, ओडिशाचे पोरं असतात, त्यांच्यासमोर शुद्ध मराठीत लेक्चर ठोकून उपयोग नाही. हिंदी-मराठी मिसळून बोला. आणि कुणाला लिहिता-वाचता येत नसेल तर ते सगळ्यांसमोर उघडं पडेल असं काम त्याच्या वाट्याला देऊ नका, त्याला स्टॉपवॉच द्या किंवा चित्र काढायला सांगा.

सामान फार लागत नाही: एक रुपयाची वीस नाणी, पाच मोबाइल, ब्राउन पेपरचा रोल, स्केच पेन, मास्किंग टेप, खडू, जुने कार्टन आणि कटर. कंपनीत मोबाइलला बंदी असेल तर साधी स्टॉपवॉच आदल्या दिवशीच आणून ठेवा, सेशन सुरू झाल्यावर सिक्युरिटीशी हुज्जत नको. जागा शॉपच्या जवळची हवी, म्हणजे उठून लाइनवर जाता येतं. शिफ्ट सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांत घ्या. जेवणानंतर घेतलं तर अर्धे पेंगतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

## ३. नाण्यांचा खेळ (पाऊण तास)

कुठलीही व्याख्या न सांगता थेट इथून सुरू करायचं. दहाही जणांना काम मिळतं. चार जण ऑपरेटर, टेबलाला ओळीनं बसतील. प्रत्येकाच्या मागे एक टायमर उभा. नववा कस्टमर, ओळीच्या शेवटी. दहावा कस्टमरशेजारी पाचवा मोबाइल घेऊन दोनच वेळा लिहील, पहिलं नाणं कधी आलं आणि शेवटचं कधी आलं. बारा जण असतील तर उरलेले दोघं नुसतं बघतील आणि काय दिसलं ते शेवटी सांगतील.

नियम साधे. डाव्या हातानं एकेक नाणं उलटवायचं, डावखुऱ्यानं उजव्या. ठरलेला लॉट, म्हणजे एका वेळी पुढं द्यायची नाणी, पूर्ण झाला की पुढच्याकडे सरकवायचा. मागचा टायमर फक्त आपल्या माणसाचा वेळ धरतो, त्यानं पहिलं नाणं हाताळल्यापासून शेवटचं पुढं जाईपर्यंत.

पहिला राउंड वीसच्या लॉटनं. दुसरा पाचच्या. तिसरा एकेक.

उलटवायला नाण्याला एक सेकंद धरला आणि सरकवायचा वेळ सोडला तर हिशोब असा येतो. वीसच्या लॉटला पहिलं नाणं कस्टमरला ८० सेकंदांनी मिळतं आणि शेवटचंही ८० लाच. पाचच्या लॉटला पहिली पाच २० सेकंदांत येतात आणि सगळी ३५ मध्ये संपतात. एकेक केलं तर पहिलं ४ सेकंदांत, शेवटचं २३ मध्ये. प्रत्यक्षात सगळे आकडे जास्तच येणार, कोणाचं नाणं खाली पडतं, कोणी हसत बसतं, पण चढउतार असाच दिसतो.

आता खरी गंमत टायमरच्या कागदांत आहे आणि नेमकं तेच लोक वाचायचं विसरतात. चारही टायमरना आपापल्या माणसाचा वेळ मोठ्यानं वाचायला सांगा. एका ऑपरेटरचा स्वतःचा वेळ पहिल्या राउंडला वीसच्या आसपास असतो आणि तिसऱ्या राउंडलाही तितकाच किंवा थोडा जास्तच येतो. म्हणजे कोणीही हात जोरात चालवला नाही, तरी कस्टमरचा माल तिपटीहून लवकर निघाला. इथं विचारा, "मग पहिल्या राउंडला वेळ गेला कुठं?" आणि गप्प बसा. शांतता लांबली तरी तोंड उघडू नका. कोणीतरी म्हणतंच, "नाणी पडून होती". हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं पाहिजे, त्यासाठीच सगळा खेळ मांडलाय.

सावधान: खेळवणाऱ्यानं "चला चला, फास्ट" म्हटलं की खेळ बाद. लोक घरी हाच धडा घेऊन जातात की लीन म्हणजे जोरात काम करा.

मग एक आक्षेप हमखास येतो: "सर, नाण्याला सेटिंग लागत नाही. आमच्या मशीनला जॉब बदलायला दोन तास जातात, एकेक पीस कसा चालवणार?" (जॉब म्हणजे मशीनवर बनणारा पार्ट, सेटिंग म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन तयार करणं.) आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. तो उडवून लावू नका, ब्राउन पेपरवर ज्यानं काढला त्याच्या नावासकट लिहा. लॉट मोठा का, तर सेटिंग लांब म्हणून, म्हणजे उद्या सेटिंगचा वेळ कमी करणं हे काम आपोआपच यादीत येतं. ज्याला आपण "विरोध करणारा" समजतो तोच पुढं सेटिंगच्या कामात सगळ्यात उपयोगी पडतो, कारण त्याला त्याचा त्रास रोजचा असतो.

फाइव्ह एससाठी, म्हणजे कामाची जागा आवरून प्रत्येक वस्तू ठरल्या जागी ठेवायच्या पद्धतीसाठी, आकडे शोधायचा खेळही असतो, कागदावर विखुरलेले आकडे क्रमानं खोडायचे, मग तेच आकडे चौकटीत मांडून परत खोडायचे आणि फरक बघायचा. बरा आहे, पण पहिल्या दिवशी एकच खेळ पुरे. दोन-तीन खेळ घेतले की लोकांना मजा येते आणि लाइनवर जायचं राहून जातं.

## ४. त्याच दिवशी लाइनवर, जॉबच्या मागे

खेळ संपला की चहा, आणि चहा झाला की सरळ लाइनवर. उद्यावर ढकलू नका.

इथं क्रम फार महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी माणसाच्या मागे फिरायचं नाही, जॉबच्या मागे फिरायचं. माणसाच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभं राहिलं की तो एक तर घाबरतो नाही तर नाटकी स्पीडनं काम करतो, आणि दोन्ही वेळा आकडा खोटाच येतो. जॉबला असलं काही नसतं.

दोघादोघांच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीला एक तुकडा: रॉ मटेरियल ते पहिलं ऑपरेशन, पहिलं ते दुसरं, असं करत पॅकिंगपर्यंत. शक्यतो कुणालाही स्वतःचं मशीन देऊ नका, शेजारच्याचं द्या. त्यांनी तीन गोष्टी लिहायच्या: दोन ऑपरेशनच्या मध्ये किती पीस पडून आहेत, जॉब किती वेळा उचलून ठेवला गेला, आणि जॉब कुठून कुठं गेला त्याची रेघ. रेघेसाठी लेआउटचा कच्चा नकाशा कागदावर काढून द्या, स्केल वगैरे नको. प्रत्येक फेरीला पेन न उचलता एक रेघ. अर्ध्या तासात कागदाचा गुंता होतो आणि तो बघून लोक स्वतःच हसायला लागतात.

पडलेल्या पिसांचा हिशोब तिथंच उभं राहून करायचा. समजा लाइनवर सगळीकडे मिळून ६०० पीस पडलेत आणि रोज ४०० डिस्पॅच होतात. ६०० भागिले ४०० म्हणजे दीड. आज आत गेलेला पीस दीड दिवसानं बाहेर येणार, मग त्याच्यावर प्रत्यक्ष मशीनिंग सगळं मिळून दहा-बारा मिनिटांचं का असेना. हा भागाकार ऑपरेटरनं खडूनं फरशीवर करावा. मी तरी दहा स्लाइडपेक्षा या एका भागाकारावर जास्त विश्वास ठेवतो.

टॅक्टचाही, म्हणजे कस्टमरच्या मागणीप्रमाणे किती वेळाला एक पीस निघाला पाहिजे याचाही, हिशोब इथंच दाखवून टाका. शिफ्ट साडेआठ तासांची म्हणजे ५१० मिनिटं, त्यातून जेवण ३० आणि दोन चहा १०-१० वजा, राहिली ४६०. सेकंद केले की २७,६००. कस्टमरला शिफ्टला ४०० पीस हवेत, तर दर ६९ सेकंदांना एक पीस बाहेर पडला पाहिजे. आता ज्या मशीनला ४० सेकंद लागतात ते पुढं ढीग लावणार, ज्याला ८० लागतात त्याच्यामागे ढीग साचणार. ढीग बघा आणि मशीन ओळखा, असं सांगून सोडून द्या.

सावधान: टॅक्ट म्हणजे टार्गेट नाही. ६९ चा आकडा मशीनवर चिकटवून "तू ७५ ला का काढतोस?" असं कोणी विचारलं तर पहिल्या टप्प्यातला शब्द मोडला.

मॅनेजर आणि मालकाचं काम आता. टोयोटात ही पद्धत उभी करणारे ताइची ओनो जमिनीवर खडूनं गोल काढून इंजिनिअरला त्यात उभं करायचे आणि काय दिसतंय ते बघत राहायला सांगायचे. तेच करा. लाइनच्या एका टोकाला गोल, अर्धा तास, फोन खिशात, कुणाला काही सांगायचं नाही आणि ओरडायचं तर अजिबातच नाही. पहिली दहा मिनिटं त्यांना सगळं ठीक दिसतं. मग दिसायला लागतं की हेल्पर त्याच ट्रॉलीसाठी तिसऱ्यांदा गेलाय.

## ५. प्रश्न विचारायची पद्धत

"तुमच्या कामात काय प्रॉब्लेम आहे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही सर, सगळं ओके". यात खोटेपणा नसतो, प्रॉब्लेम सांगणारा माणूस पुढच्या मीटिंगला प्रॉब्लेम ठरतो हे त्यांनी बघितलेलं असतं. म्हणून असं विचारा:

- सकाळपासून मशीन सोडून कशाकशाला जावं लागलं?
- कुठला जॉब लागला की डोकं फिरतं?
- नवीन पोरगा आला तर त्याचं पहिलं काय चुकतं?
- घरी गेल्यावर काय दुखतं?

शेवटच्या प्रश्नाला लोक आधी हसतात आणि मग भरभरून बोलतात. एका मशीन शॉपमध्ये डीबरिंगच्या (पार्टच्या खरबरीत कडा साफ करणाऱ्या) मावशींनी कंबर सांगितली. पिसांचा बिन (डबा) जमिनीवर, टेबल कमरेएवढं, म्हणजे पीस घेताना एकदा वाकायचं आणि ठेवताना एकदा. चारशे पिसांना आठशे वेळा. "मावशी, हे आधी कुणाला सांगितलं नाही का?" तर म्हणाल्या, "सांगितलं की, पण तवा साहेब दुसरे होते." ब्राउन पेपरवर पहिल्या नंबरला हेच लिहिलं गेलं, आणि पहिला बदलही हाच झाला, त्याचं पुढं सांगतो.

आता, म्हणजे लोकांची यादी भरल्यावर, वेस्टची नावं सांगा, तीही आपल्या शब्दांत: जास्त बनवून ठेवणं, थांबून राहणं, माल इकडून तिकडं नेणं, नको तेवढं काम करणं, साठा, उगाच चालणं-वाकणं-शोधणं, आणि चुकलेलं परत करणं. यादीतली प्रत्येक ओळ कुठल्या नावाखाली येते ते त्यांनाच ठरवू द्या. वाद होतील. डीबरिंग हे काम की वेस्ट? गेजनं (मापाच्या साधनानं) चेक करणं? कस्टमर त्याचे पैसे देईल का, असं विचारा. चेकिंगचे देणार नाही, पण आज ते बंदही करता येणार नाही, तर "आत्ता लागतंय" असा तिसरा रकाना करा आणि पुढं चला. निकाल लावत बसू नका.

"का?" पाच वेळा विचारायची पद्धत वापरणार असाल तर एकच काळजी घ्या: उत्तर "ऑपरेटरचं लक्ष नव्हतं" इथं थांबू द्यायचं नाही. जॉब फिक्स्चरमध्ये (मशीनवर जॉब धरून ठेवणाऱ्या साच्यात) उलटा लागला. का? लक्ष नव्हतं. बरं, पण उलटा बसू शकतो का? बसतो. का? दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि अडवणारी पिन नाही. हां, आता कामाचं काहीतरी मिळालं. रात्री तीन वाजता कोणाचंही लक्ष जातं, पिनचं जात नाही.

## ६. पहिला बदल: आठवड्याच्या आत, पुठ्ठ्याचा

यादीतून एकच गोष्ट निवडायची. तीन अटी: सात दिवसांत होईल, टीमच्या हातानं होईल, आणि तिचा आराम काम करणाऱ्यालाच मिळेल. तिसरी अट सोडू नका. मॅनेजमेंटला स्टॉक कमी करायचा असतो, रिजेक्शन कमी करायचं असतं, सगळं मान्य, पण पहिला बदल त्यांच्या फायद्याचा निघाला तर दुसऱ्या बदलाला लोक येत नाहीत.

आणि आधी फॅब्रिकेशन नको. आधी पुठ्ठा, टेप, जुनं पॅलेट. त्या मावशींच्या बिनसाठी दोन पॅलेट एकावर एक ठेवून वर बिन ठेवला, तर तो फार उंच झाला, खांदे भरून यायला लागले. एक काढलं, तर बुटका. मग एका पॅलेटवर कार्टनची चवड, तीही मागची बाजू थोडी उचलून, म्हणजे पीस घसरून हाताशी येतील. दोन दिवस तसं चालवून बघितलं, मधे एकदा कार्टन तेलानं भिजून बसलं, परत केलं. उंची पक्की झाल्यावर मेंटेनन्सच्या पोरानं भंगारातल्या अँगलचा स्टँड वेल्ड करून दिला. पहिल्याच दिवशी ड्रॉइंग काढून ऑर्डर दिली असती तर उंच स्टँड आला असता आणि आजही तो कोपऱ्यात धूळ खात असता.

तपासा: बदलाच्या आधी आणि नंतरचा एकच आकडा, साधा, लोकांनी स्वतः मोजलेला. वाकणं किती, पावलं किती, शोधायला मिनिटं किती. "वर्षाला किती रुपये वाचले" हा हिशोब पहिल्या महिन्यात मांडू नका, तो मांडला की सगळ्यांचं लक्ष आकडा फुगवण्यात जातं.

फाइव्ह एस इथून सुरू करायला हरकत नाही, तेही एकाच टेबलापासून. पूर्ण शॉपला एका रविवारी पिवळे पट्टे मारणं म्हणजे ऑडिटची तयारी झाली. दसरा जवळ असेल तर मात्र संधी साधा. खंडेनवमीला मशीन पुसायला, शॉप धुवायला लोक तसेही आनंदानं हात लावतात, त्याच्या आधीच्या आठवड्यात लाल टॅग वाटा आणि "वर्षभरात हात लावला नाही" अशा वस्तूंना लावायला सांगा. पूजेला जागा हवी म्हणून तरी भंगार हलतं.

## ७. दुसऱ्या शिफ्टला सांगितलं का?

सगळ्यात जास्त बदल इथं मरतात. फर्स्ट शिफ्टनं स्टँड केला, सेकंड शिफ्टवाल्याला तो आडवा आला, त्यानं उचलून भिंतीला लावला. भांडण सुरू.

म्हणून बदल ठरायच्या आधी दुसऱ्या-तिसऱ्या शिफ्टचा निदान एक माणूस हजर हवा, त्याला ओटी देऊन थांबवा. आणि शिकवायची रीत पक्की ठेवा. आधी समोरच्याला हे काम कितपत येतं ते विचारा. मग एकदा करून दाखवा, दुसऱ्यांदा प्रत्येक पायरीला सांभाळायचं काय ते सांगत, तिसऱ्यांदा का ते सांगत. मग त्याच्याकडून करून घ्या आणि करता करता त्यालाच सांगायला लावा. शेवटी, अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव द्या, आणि पहिले दोन-तीन दिवस चक्कर मारत राहा. "समजलं ना?" हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर कायम "हो" असतं.

शिकवणारा शक्यतो बदल करणारा ऑपरेटरच असावा. एका पानाचा कागद, मोबाइलनं काढलेले फोटो, मोठ्या अक्षरात तीन-चार ओळी, कामाच्या जागी चिकटवलेला. दहा पानी एसओपी (कामाची लेखी पद्धत) फाइलमध्येच राहते.

## ८. रोजची दहा मिनिटं

शिफ्टच्या सुरुवातीला, उभ्या उभ्या, लाइनच्या बाजूला. बोर्ड हातानं लिहिलेला. काल काय अडलं, आज काय अडू शकतं, आणि आधी ठरलेल्यातलं कोणाचं काय झालं. बस. प्रत्येक ओळीसमोर नाव आणि तारीख. "मेंटेनन्स" हे नाव नाही, मेंटेनन्समधल्या माणसाचं नाव लिहा.

बोलणारा रोज सुपरवायझरच असेल तर आठवड्यात ती हजेरी होऊन बसते. मार्कर फिरवत ठेवा. लाजणारा माणूस पहिल्या दिवशी एकच वाक्य बोलतो, चालेल.

एखादी ओळ आठवडाभर तशीच राहिली तर ती मॅनेजरच्या नावावर जाते, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. मॅनेजरला आठवड्यातून दोनदा तरी बोर्डासमोर उभं राहावं लागेल, आणि तिथं त्यानं एकच विचारायचं, "माझ्याकडून काय हवंय?" जी आयडिया होणार नसेल तिलाही उत्तर द्या, कारणासकट, तोंडावर. "बघू" लिहिलेली ओळ नकारापेक्षा वाईट असते.

## ऑफिससाठी काय बदलायचं

फार काही नाही. नाण्यांचा खेळ तसाच चालतो, लॉट म्हणजे शनिवारच्या सहीसाठी साठवलेली बिलं. जॉबऐवजी एका पर्चेस ऑर्डरच्या मागे फिरा: रिक्वेस्ट कधी आली, कुणाच्या इनबॉक्समध्ये किती दिवस पडली, कितीदा "माहिती अपुरी" म्हणून परत गेली. ऑफिसमध्ये ढीग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक पेंडिंग फाइलसाठी एक चिठ्ठी भिंतीवर लावा. आपल्या नावाखाली चिठ्ठ्या वाढलेल्या बघून लोक दुखावतात, तर पहिले दोन आठवडे माणसांची नावं न लावता फक्त टप्प्यांची नावं लावा.

## महिन्यानं काय बघायचं

न सांगता जा, शक्यतो सेकंड शिफ्टला. स्टँड जागेवर आहे का? बोर्डावर आजची तारीख आहे का, की मागच्या मंगळवारची? यादीत लोकांनी स्वतःहून टाकलेली नवी ओळ आहे का? नवी ओळ असेल तर त्याच लाइनवर दुसरा बदल घ्या, यावेळी सेटिंगचा विषय काढायला हरकत नाही, तो आक्षेप नावासकट लिहिलेला असेलच. स्टँड जागेवर नसेल तर कोणी हलवला हे विचारू नका, कशासाठी हलवावा लागला ते विचारा आणि सहाव्या टप्प्याला परत पुठ्ठ्यापासून सुरुवात करा.

दुसऱ्या लाइनला जायची घाई मात्र नको. पहिल्या लाइनचे दोन ऑपरेटर नाण्यांचा खेळ स्वतः घेऊ शकतात इतपत तयार झाले की मगच जा, आणि खेळ त्यांनाच घेऊ द्या, तुम्ही मागे मोबाइलवर वेळ धरा.